फार, फार आणि पार

प्रश्न : माझी नात आठवीत आहे, मराठी माध्यमात. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘द हाउस इज फार फ्रॉम फिनिश्ड’ या वाक्याचा मराठीत अर्थ लिहायचा होता. तिनं ‘घर फार पूर्ण झालं आहे’ असं लिहिलं आणि दोन गुण गेले. खरं सांगायचं तर इंग्रजीतला ‘फार’ आणि आपला ‘फार’ एकच, असं तिला मीच सांगितलं होतं. ‘फार बेटर’ म्हणजे फार चांगलं, हे तर बरोबर आहे ना? मग इथंच अर्थ उलटा कसा झाला? आणि मुळात अंतर दाखवणारा शब्द ‘किती’ हे सांगायला येतोच कसा? बाईंना जाऊन भेटावं म्हणतो.
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, फसलात, पण जागाच फसण्यासारखी आहे. उच्चार तोच, अर्थ शेजारचा, आणि ‘फार बेटर’सारखं वाक्य समोर आलं की शंकेला वावच राहत नाही.

तरी हे दोन ‘फार’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आपला ‘फार’ संस्कृतातल्या ‘स्फार’वरून आला. स्फार म्हणजे पसरलेलं, विपुल. त्याच्या डोळ्यांपुढे धान्याची रास आहे. इंग्रजी ‘फार’च्या डोळ्यांपुढे रस्ता आहे, तो मुळापासूनच ‘दूर’ आहे.

नातं नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथं ‘प’ असतो, तिथं इंग्रजीच्या अस्सल जुन्या शब्दांत बहुतेक ‘फ’ सापडतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. जेकब ग्रिम या जर्मन पंडितानं १८२२मध्ये हा नियम नीट मांडून दाखवला. (परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम भावांपैकी थोरला तो हाच.) तेव्हा इंग्रजी ‘फार’चा भाऊबंद आपल्याकडे शोधायचा तर ‘फ’च्या घरी जायचं नाही, ‘प’च्या घरी जायचं. तिथं ‘पर’ भेटतो, परगाव आणि परका यांच्यातला. आणि त्याच कुळातला ‘पार’ही भेटतो. पार म्हणजे पलीकडचा काठ. नदी पार करतो तो पार, ‘अपार’मधला पार.

आता गंमत बघा. ‘पार थकलो’, ‘धंदा पार बुडाला’, ‘पोरानं पार वाट लावली’ असं आपण दिवसातून चारदा म्हणतो. पलीकडचा काठ दाखवणारा शब्द ‘किती’ सांगायला आपणही आणला की! थकता थकता माणूस पैलतीराला लागला, एवढंच त्यात म्हटलं आहे. तेव्हा तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर तुमच्याच तोंडी आहे.

आता नातीच्या वाक्याकडे येऊ. इंग्रजी ‘फार’ हा अजून अंतरच मोजतो, हे त्याच्या एका सवयीवरून कळतं. ‘फार गुड’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत. आपल्याला ‘फार चांगला’ चालतो, त्यांना तिथं ‘व्हेरी’ लागतो. पण ‘फार बेटर’ चालतं, ‘फार टू हॉट’ चालतं. का? अंतर मोजायला दोन खुंट्या लागतात म्हणून. ‘बेटर’ म्हटलं की दोन माणसं आली, एक पुढे आणि एक मागे, आणि मध्ये किती जागा सुटली ते ‘फार’नं सांगितलं. ‘टू हॉट’ म्हटलं की सोसेल तेवढ्याची एक रेघ आली आणि चहा तिच्या पुष्कळ पलीकडे गेला. नुसत्या ‘गुड’मध्ये एकच खुंटी, दोरी बांधणार कुठं? ‘बाय फार द बेस्ट’ म्हणतात तेव्हा पहिला आणि दुसरा यांच्यातली मोकळी जागा दाखवायची असते. म्हणून तिथं ‘सर्वांत चांगला’ एवढं लिहून भागत नाही, ‘बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस’ म्हणावं लागतं.

‘फार फ्रॉम’मध्ये दुसरी खुंटी म्हणजे मुक्कामाचं गाव. घर ‘फिनिश्ड’ या गावाला निघालं आहे आणि गाव अजून लांब आहे. जितकं अंतर जास्त तितकं काम अपुरं. म्हणजे शब्दाचा अर्थ उलटला नाही, अंतर तेवढंच आहे. आधी ते कोणीतरी तोडलेलं होतं, इथं ते तोडायचं राहिलं आहे. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपली पंचाईत होते. पुढे गेलेल्याला आपण ‘फार’, ‘कितीतरी’ लावतो आणि न पोचलेल्याला ‘दूर’, ‘लांब’. ‘पास होणं तर दूरच, पेपरालाच बसला नाही’ यातला ‘दूरच’ म्हणजे हुबेहूब ‘फार फ्रॉम’. नातीला एवढं एकच सांगा : मागे ‘फ्रॉम’ दिसला की ‘फार’ विसर आणि ‘दूर’ आठव.

ऑफिसात काम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही. साहेबानं ‘आय ॲम फार फ्रॉम हॅपी’ असं लिहिलं, तर तो आनंदाच्या वाटेवर कुठेतरी मध्ये आहे असं समजू नये. तो चिडलेला आहे. इंग्रजांना राग सरळ सांगायला संकोच वाटतो. ते मैल मोजून दाखवतात.

मैलावरून क्रिकेट आठवलं. धावबाद झालेल्याची बॅट रेषेपासून हातभर मागे असते आणि समालोचक ओरडतो, ‘आउट बाय अ माइल!’ खेळपट्टी २२ यार्डांची. मैल १७६० यार्डांचा. म्हणजे ८० खेळपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या, तर एवढा तो बिचारा मागे राहिला! हा हिशेब असा बिनबाकीचा सुटतो, कारण २२ यार्ड ही इंग्रज मोजणीदारांच्या साखळीची लांबी. एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञानं १६२०च्या सुमारास ती रूढ केली. अशा ८० साखळ्यांचा मैल. आपल्याकडच्या हिशेबात बसवायचं तर गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे खेळपट्टी गुंठ्याच्या दोन बाजूंएवढी. सातबारा घेऊन बसणाऱ्यांना हे चटकन डोळ्यांसमोर येईल.

अर्थात आपणही काही कमी नाही. ‘तसूभरही मागे हटणार नाही’ अशी गर्जना करणाऱ्या किती पुढाऱ्यांनी तसू पाहिला असेल? एका गजाचे २४ तसू. गवंड्या-सुतारांचं हे माप केव्हाच मोडीत निघालं, गर्जनेत तेवढं उरलं. मोठं अंतर सांगायला इंग्रज मैल काढतो, लहान सांगायला आपण तसू काढतो. मोजपट्टी दोघांच्याही हातात नाही.

‘अ फार क्राय फ्रॉम’ हाही तुमच्या नातीला पुढेमागे भेटेल, आणि ती ‘लांबचं रडणं’ असं लिहून येईल. इथं क्राय म्हणजे हाक. आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो ना, त्याची ही दुसरी बाजू : हाक पोचणार नाही इतकं लांब. ही स्कॉटलंडची देणगी. लॉख ऑ या सरोवराचा मुलूख कॅम्पबेल घराण्याचा. तिथवर यायचं तर हाकेपलीकडची वाट आहे, अशा अर्थाची त्यांच्याकडे म्हण होती. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून ती सगळ्या इंग्रजीत गेली. आज कोणी म्हणतं की नवा मोबाइल जुन्यापेक्षा ‘फार क्राय’ आहे, तेव्हा सरोवरही नाही आणि हाकही नाही, फक्त जमीन-अस्मानाचा फरक.

‘ॲज फार ॲज’चा प्रकार निराळा. तिथं अंतराला मर्यादा घातलेली असते. ‘ॲज फार ॲज आय नो’ म्हणजे दाव्याला बांधलेली गाय : दावं पुरेल तेवढं चरेन, पुढचं कुरण माझं नाही. मराठीत ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणून आपण मोकळे होतो. ‘सो फार’ मात्र आपल्या ‘इथवर’चा सख्खा भाऊ. ‘इथवर सगळं ठीक आहे’ यात ‘इथ’ ही जागा नसून वेळ आहे, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

कधी कधी खरंखुरं अंतर डोळ्यांदेखत म्हण होऊन जातं. सप्टेंबर १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांनी हॉलंडमधले पूल एकामागून एक ताब्यात घेऊन जर्मनीत शिरायचा बेत केला. छत्रीधारी सैनिक आधी उतरवायचे आणि मागून रस्त्यानं रणगाडे न्यायचे. आइंडहोव्हन घेतलं, नायमेगेनचा पूल घेतला. शेवटचा पूल आर्नेमचा. त्याच्या उत्तरेच्या टोकाशी ब्रिटिश सैनिकांची एक तुकडी पोचली आणि काही दिवस चिवटपणे लढत राहिली, पण रणगाडे काही तिथवर वेळेत आले नाहीत. कॉर्नेलियस रायननं त्यावर १९७४मध्ये पुस्तक लिहिलं, ‘अ ब्रिज टू फार’. १९७७मध्ये त्यावर चित्रपट आला, ‘गांधी’वाल्या रिचर्ड ॲटनबरोंचा. तेव्हापासून झेपेल त्याच्या एक पाऊल पुढे उडी घेणाऱ्या कोणालाही इंग्रजीत हे नाव चिकटतं, मग तो सेनापती असो की तिसरं हॉटेल काढणारा मालक. आपण अशा वेळी अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतो. तेही अंतरच, फक्त घरातलं.

‘नियर’चं पुराण आज नको. एवढंच सांगतो की ‘निअरली’ला आपल्याकडे ‘जवळजवळ’ चपखल बसतो, तिथं नातीची अडचण होणार नाही. ‘नियर मिस’नं मात्र ती अडखळेल. दोन विमानं एकमेकांच्या अगदी जवळून जातात आणि टक्कर टळते, तो नियर मिस. चुकामूक झालीच आहे, पण थोडक्यात.

राहता राहिली बाईंची भेट. गुण कापले ते रास्त कापले. तक्रार घेऊन गेलात तर पेपर तुमच्यापुढेच ठेवतील. फार तर एवढं विचारा, ‘घर पुरं व्हायचं अजून पुष्कळ बाकी आहे’ असं लिहिलं असतं तर पुरे दोन मिळाले असते ना? आणि नातीला खरं काय ते सांगून टाका. चूक तिची नव्हती.