कुटुंबरचना आणि ज्येष्ठांचा आहार : कोलकाता शहराचा विचार

भारताच्या जनगणनेत 'कुटुंब' ही संज्ञा केवळ रक्ताच्या नात्यावरून ठरविली जात नाही. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचा समूह म्हणजे कुटुंब, असे जनगणना मानते. एका छपराखाली दोन भाऊ राहत असले, पण त्यांच्या चुली वेगळ्या असल्या, तर ती दोन कुटुंबे ठरतात. मराठीत आपण 'वेगळी चूल मांडली' असे म्हणतो. बंगालीत 'हाँडी' वेगळी झाली असे म्हणण्याची रीत आहे. ज्येष्ठांच्या आहाराचा विचार करताना घरातील माणसांच्या संख्येपेक्षा चुलीचा हा निकष अधिक उपयोगी पडतो. कोलकाता शहरात तर तो विशेषत्वाने प्रत्ययास येतो.

कोलकाता जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 45.73 लाख होती. 2011 च्या जनगणनेत ती 44.97 लाखांवर आली. जननदर दीर्घकाळ कमी राहिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत संपूर्ण पश्चिम बंगालचा एकूण जननदर 1.6 होता. तरुण पिढी शिक्षण व नोकरीसाठी बंगळुरू, पुणे, दिल्ली किंवा परदेशी गेली. परिणामी बागबाजार-श्यामबाजारच्या जुन्या घरांत, बालिगंजच्या सदनिकांत आणि शेजारच्या विधाननगरात वृद्ध दांपत्ये व एकेकटे वृद्ध मागे राहिले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीचा अहवाल जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे 6 टक्के एकट्या राहतात व सुमारे 20 टक्के केवळ जोडीदारासह राहतात. याच वयोगटातील एक चतुर्थांशाहून अधिक व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर एक पंचमांशाहून अधिक व्यक्तींचे जास्त आढळले. म्हणजेच प्रश्न केवळ उपासमारीचा नाही.

वय वाढते तशी भूक व तहान मंदावते, चव बोथट होते, दात जातात आणि स्नायूंचे वस्तुमान घटते. उष्मांकांची गरज काहीशी कमी होते. प्रथिनांची मात्र होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली. ज्येष्ठांसाठी 1 ते 1.2 ग्रॅम आवश्यक असल्याचे मत 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडले. 50 किलो वजनाच्या स्त्रीस याप्रमाणे किमान 42 आणि शक्यतो 50 ते 60 ग्रॅम प्रथिने हवीत. आता एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी चहा व दोन बिस्किटे, दुपारी भात, उकडलेला बटाटा व पातळ डाळ, संध्याकाळी चहासोबत मुडी म्हणजे आपले कुरमुरे, रात्री दोन पोळ्या व भाजी. ढोबळ हिशेबाने ही प्रथिने 25 ग्रॅमच्या आसपास भरतात. रोहू माशाचा एक बेताचा तुकडा 12 ते 14 ग्रॅम, अंडे 6 ग्रॅम आणि पेलाभर दूध 6 ग्रॅम देते. तूट भरून काढणारे हे पदार्थ कोलकात्यात दुर्मीळ नाहीत. ते ताटात का येत नाहीत, याचे उत्तर चुलीपाशी शोधावे लागते.

बंगाली घरात बाजार आणि स्वयंपाक ही दोन वेगळी खाती आहेत. थैली घेऊन गडियाहाट वा मानिकतलाच्या बाजारात जाणे हे परंपरेने पुरुषाचे काम, रांधणे स्त्रीचे. जोडीदार गेल्यावर यांपैकी एक खाते अकस्मात बंद पडते. विधुराला मासा पारखता येतो, पण शिजविता येत नाही. मग कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातील संदेश आणि संध्याकाळची तळलेली भजी त्याच्या आहारात शिरतात. मधुमेह असल्यास याचे परिणाम सांगावयास नकोत. विधवेची स्थिती निराळी आहे. उच्चवर्णीय बंगाली हिंदू समाजात विधवेस मासा, मांस, अंडी, कांदा, लसूण आणि मसुराची डाळदेखील वर्ज्य असे; एकादशीस निर्जळी उपवास आणि एरवी बहुधा एकदाच अन्न. तिची चूल व भांडी वेगळी ठेवली जात. भरल्या घरात राहणारी ही स्त्री जेवणाच्या दृष्टीने एकटीच होती! विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला, पण स्वयंपाकघर कायद्याच्या कक्षेत येत नाही. आज ही बंधने पुष्कळ सैल झाली आहेत. तथापि ऐंशीच्या घरातील अनेक स्त्रिया ती सवयीने वा श्रद्धेने पाळतात. येथे आग्रहाचा फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा हरभऱ्याची डाळ, मूग, सातू, दही आणि छाना वाढविणे शहाणपणाचे. या विधवांच्याच हातून केळफूल, केळीचा गाभा, उंबर यांच्या उत्कृष्ट शाकाहारी पाककृती घडल्या, हेही नमूद केले पाहिजे. मात्र केळफूल निवडण्यास तासभर लागतो. हात थरथरू लागले की ते सुटते आणि बटाटा-भात उरतो.

मुलांसोबत राहणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न सुटला, असे गृहीत धरणे बरोबर नाही. मुलगा-सून दोघेही नोकरीस असल्यास दुपारी झाकून ठेवलेले थंड अन्न एकट्याने खावे लागते आणि रात्रीचे जेवण दहा-साडेदहापर्यंत लांबते. मसाला व मीठ तरुणांच्या जिभेला रुचेल असे. जपानमधील ज्येष्ठांच्या दीर्घकालीन अभ्यासावर आधारित एका विश्लेषणात, घरात इतर माणसे असूनही एकट्याने जेवणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एकत्र राहणे आणि एकत्र जेवणे यांतील हा भेद आपल्या पाहण्यांतही नोंदविला जावा.

ज्या घरात दोघेच वृद्ध आहेत, तेथील चूल बहुधा 'रान्नार माशी', म्हणजे स्वयंपाकाच्या मावशी, चालवितात. यांतील कित्येकजणी कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर या मार्गांवरील पहाटेच्या लोकलने दक्षिण 24 परगण्यातून शहरात येतात. मार्च 2020 मध्ये उपनगरी गाड्या थांबल्या, त्या 11 नोव्हेंबर 2020 रोजी सुरू झाल्या. पुन्हा मे 2021 पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद राहिल्या. ज्यांची मुले दूरदेशी होती आणि गुडघे ओट्यापाशी उभे राहू देत नव्हते, त्यांच्या जेवणाचा आधार रेल्वेच्या वेळापत्रकावर होता, हे त्या काळात उघड झाले.

शासकीय उपायांकडे पाहता, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 खाली मिळणारे धान्य उष्मांकांची तजवीज करते, प्रथिनांची नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने 'निर्वाह' या संज्ञेत अन्नाचा स्पष्ट समावेश केला. मात्र न्यायाधिकरण निर्वाहाची रक्कम ठरवू शकते, ताट नव्हे. कोलकाता पोलिसांचा 'प्रणाम' हा उपक्रम 2009 पासून एकट्या ज्येष्ठांना सुरक्षा व वैद्यकीय मदत देतो. फेब्रुवारी 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या 'मा' उपाहारकेंद्रांत 5 रुपयांत भात, डाळ, भाजी आणि अंड्याची आमटी मिळू लागली. ताट चांगले आहे. पण ज्याला जिना उतरता येत नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही आणि अंडे न खाणाऱ्या विधवेस त्यातील प्रथिनांचा मोठा वाटा मुकतो. तमिळनाडूने 1980 च्या दशकातच वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना पौष्टिक भोजन योजनेत सामावून घेतले होते. त्या धर्तीवर वॉर्डनिहाय भोजनगृह व घरपोच डबा यांची सांगड घालता येईल.

खासगी क्षेत्रात ही सोय आधीच रुजली आहे. कोलकात्यात 'होम डेलिव्हरी' म्हटले की घरगुती जेवणाचा डबा, असाच अर्थ प्रथम मनात येतो. अडचण एवढीच की, पैसे वाचविण्यासाठी एकाचा डबा दोघे खातात अथवा दुपारचाच रात्री पुरवितात. ज्यांना थोडे उभे राहता येते, त्यांच्यासाठी बंगालचा जुना 'शेद्धो भात' हा उत्तम तोडगा आहे. तांदूळ शिजत असताना त्याच पातेल्यात फडक्यात बांधलेली मूग किंवा मसुराची डाळ, भोपळा, पपई आणि चालत असल्यास अंडे सोडावे; वरून चमचाभर मोहरीचे तेल. एकच पातेले, अर्धा तास आणि मऊ अन्न. बटाट्यापाशी न थांबता डाळीची पुरचुंडी तेवढी मोठी करावी.

घरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविकेने वजनाबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात : बाजार कोणी आणला, कोणी शिजविले आणि काल कोणासोबत जेवलात?