पुस्तक मिटून बोलून बघा

बी.ए.ला भूगोल मी मराठीतून शिकलो. एम.ए.साठी पुण्यात विद्यापीठात आलो, तर व्याख्यानं, संदर्भग्रंथ, सेमिनार, सगळंच इंग्रजीतून. इंग्रजी आपलं आपणच शिकायचं असं ठरवलं आणि मेहनतही भरपूर घेतली. संध्याकाळी ग्रंथालयात बसून वहीत शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ उतरवायचे, तेच पुन्हा वाचायचे, रात्री इंग्रजी बातम्या ऐकायच्या. वाचलेलं कळायला लागलं, तसं वाटू लागलं की आपल्याला आता येतंय.

सेमिनारला माझा विषय होता काळी मृदा. बेसाल्टची झीज, चुन्याचं प्रमाण, ओलावा धरून ठेवण्याची ताकद, उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. मराठीत हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. इंग्रजीत तिसऱ्याच वाक्याला अडलो. शब्द आठवत होते, पण वाक्यं जुळत नव्हती.

ओळखता येणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग नेमका याच गोष्टीवर आहे. उतारा नुसता पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या स्मरणाची जास्त खात्री होती. पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांना.

म्हणून माझं सांगणं असं. आपल्याच अभ्यासाचा एखादा मुद्दा घ्या, पुस्तक मिटा आणि मोबाइलवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, तरी ऐका. कुठे अडलो? शब्द सुचला नाही, की काळ चुकला, की वाक्य अर्ध्यात सोडलं? त्यातली एकच गोष्ट आठवडाभर धरा. ‘इंग्रजी सुधारायचंय’ एवढंच म्हटलं तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. ‘भूतकाळातली प्रश्नार्थक वाक्यं चुकतात’ हे कळलं की कामाला लागता येतं. काही चुका मात्र आपल्या कानाला कळतच नाहीत. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीत, त्यामुळे ती गाळली तरी आपल्याला काही खटकत नाही. त्यासाठी एखादा मित्र किंवा शिक्षक हवाच. एकट्यानं शिकायचं म्हणजे कुणाला विचारायचंच नाही, असं नव्हे.

जिद्दीबद्दलही बोललं पाहिजे. झोल्तान डोर्न्येई या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं 2005 मध्ये मांडलं की, भाषा शिकताना मनात आपली दोन रूपं असतात: एक आपल्याला व्हावंसं वाटतं ते, आणि दुसरं लोकांना आपल्याकडून हवं असतं ते. मुलाखतीची भीती, घरच्यांची अपेक्षा ही दुसऱ्या रूपाची ताकद. ती खोटी नाही, पण मुलाखत झाली की ओसरते. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार मुलं तिथेच थांबली. आपल्या विषयातला शोधनिबंध स्वतः वाचावा, परिषदेत उभं राहून प्रश्न विचारावा, असं ज्यांना मनापासून वाटत होतं, ती पुढेही शिकत राहिली.

तेव्हा क्लासची फी भरण्याआधी, नवी शब्दांची वही आणण्याआधी, आज रात्री दोन मिनिटं बोला आणि ते रेकॉर्डिंग पुसू नका. सहा महिन्यांनी त्याच मुद्द्यावर पुन्हा बोला आणि दोन्ही ऐका.