आतड्यातील हितकारक जीवाणू आणि त्यांचा आधार

आमच्या शाळेच्या भोजनगृहात सारी मुले एका पंगतीत बसतात आणि एकच भाकरी-वरण खातात. तरीही प्रत्येकाच्या आतड्यातील जीवाणूंचे जग वेगळे असते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखाली राहणाऱ्या बालक, प्रौढ व वृद्ध यांच्या आतड्यांतील जीवाणूंचे परस्परप्रमाण वयानुसार बदलते, असे त्यात आढळले. म्हणून पोटात कोणते जीवाणू जातात याइतकेच, तेथे कोणते टिकतात हेही महत्त्वाचे आहे. टिकण्यासाठी त्यांना आधार लागतो. तो ते कसा मिळवतात, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आतड्याच्या आतील बाजूस पेशींचा केवळ एकपदरी थर असतो. त्यावर श्लेष्मा या बुळबुळीत स्रावाचे आवरण असते. मोठ्या आतड्यात या आवरणाचे दोन पदर असतात. पेशींलगतचा पदर घट्ट असून त्यात जीवाणू सहसा शिरत नाहीत. बाहेरच्या सैल पदरात मात्र ते वस्ती करतात. अन्नाचा प्रवाह सतत पुढे सरकत असतो आणि अस्तराच्या पेशीही काही दिवसांतच झडून नव्या येतात. त्यामुळे एकदा मिळालेला आधार कायमचा नसतो.

चिकटण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. आरंभी विद्युतभार व पृष्ठभागाचे गुणधर्म यांमुळे जीवाणू सैलसर टेकतो. नंतर त्याच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने श्लेष्म्यातील शर्करांच्या साखळ्यांना किंवा पेशींच्या पृष्ठभागाला पकडतात. शेतातून चालताना आघाड्याची फळे कपड्यांना चिकटतात, तसे काही जीवाणूंच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणावरील असे तंतू फिनलंडच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. त्याच जातीच्या दुसऱ्या एका वाणात हे तंतू नाहीत आणि तो श्लेष्म्याला फारच कमी चिकटतो. जात एक असूनही गुण वेगळा असू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आधार मिळालेले हितकारक जीवाणू रोगजंतूंची जागा अडवतात, त्यांचे अन्न पळवतात आणि आम्ले निर्माण करून त्यांची वाढ रोखतात. काही जीवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन होय.

या ज्ञानाचे मोल ओडिशातील खेड्यांत दिसून आले. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने आतड्याच्या पेशींना चिकटण्याची क्षमता तपासून लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक वाण निवडला. त्याला अन्न म्हणून एका शर्करेची जोड देऊन तो नवजात बालकांना सात दिवस पाजण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४,५५६ बालके होती. जंतुसंसर्ग (सेप्सिस) वा मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठीच्या गटात ९ टक्के, तर जीवाणू दिलेल्या गटात ५.४ टक्के आढळले. मात्र ही बालके पुरेशा वजनाची व स्तनपान घेणारी होती. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना कोणत्याही बाळाला अशी पूड देऊ नये, हे आम्ही पालकांना आग्रहाने सांगतो.

आम्हांला वारंवार विचारले जाते, की रोज ताक प्यायले की पुरे ना? ताक उत्तमच, परंतु विरजणातील बहुतेक जीवाणू आतड्यात पाहुण्यासारखे येतात आणि पुढे निघून जातात. कायमच्या रहिवाशांना रोजचे अन्न द्यावे लागते. ज्वारीची भाकरी, डाळी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या व फळे यांतून ते मिळते. हे तंतुमय अन्न मिळेनासे झाले, तर काही जीवाणू श्लेष्म्याचे आवरणच खाऊ लागतात, असे २०१६ सालच्या उंदरांवरील प्रयोगात दिसले आहे. तसेच सर्दी-पडशासाठी स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेतल्यास रोग बरा होत नाही, उलट आतड्यातील ही वस्तीच विस्कटते.

विद्यार्थी मित्रहो, ताटात भाजी टाकून उठताना आणि मित्राच्या उरलेल्या गोळ्या मागताना एवढे अवश्य आठवा.