नीरेचे मडके आणि बारावीनंतरची वाट



नरपडपासून घोलवड-बोर्डीपर्यंतचा आपला किनारा चिकूच्या वाड्या आणि ताड-शिंदीची झाडे यांसाठी प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा तुमच्यापैकी काहींनी चाखली असेल. ती स्वच्छ आणि गोड असते. पण तेच मडके दुपारपर्यंत तसेच ठेवले, तर रस फेसाळतो, आंबूस होतो आणि त्याची ताडी बनते. असे का होते?

हवेतून, झाडाच्या सालीवरून आणि जुन्या मडक्यातून किण्व, म्हणजेच यीस्ट, रसात शिरते. हे एकपेशीय जीव रसातली साखर वापरून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. फेस येतो तो या वायूचा. मडक्याला आतून चुना फासला की रस अल्कधर्मी होतो, किण्वाची वाढ मंदावते आणि नीरा अधिक वेळ गोड राहते.

आता गंमत पहा. झाडाच्या शेंड्याजवळ इतकी साखर येते कोठून, असे विचारणारा वनस्पतिशास्त्राकडे वळतो. किण्वाची वाढ मोजणारा सूक्ष्मजीवशास्त्राकडे जातो. साखरेचे अल्कोहोल कोणत्या पायऱ्यांनी होते, हे शोधणारा जीवरसायनशास्त्रज्ञ होतो. मडके एकच, पण त्यात विद्यापीठातले तीन विभाग सामावले आहेत!

नीरेचा अभ्यास करणाऱ्या विदुषी

ही कल्पना नव्हे. डॉ. कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असून कुपोषित आदिवासी मुलांच्या आहारात तिचा उपयोग होतो, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

कमलाबाई या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचे काम करणारे हे लोहयुक्त प्रथिन आहे. ते प्रकाशाचे ठराविक पट्टे शोषते, म्हणून वर्णपटावरून ओळखता येते. म्हणजे येथे जीवशास्त्राला पदार्थविज्ञानाचा हात लागतोच!

माझी एक चूक

मी पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला मी सांगितले, "गणित जमत नाही ना? मग जीवशास्त्र घे." तो एम.एस्सी.ला गेला आणि संख्याशास्त्रापाशी अडला. प्रयोग उत्तम करी, पण आकड्यांचा अर्थ लावता येईना. त्याला पुन्हा अकरावीचे गणित शिकावे लागले. दोष त्याचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता. म्हणून सांगतो, जीवशास्त्र हे गणितातून सुटण्याचे दार नव्हे. तसेच ते वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांची धर्मशाळाही नव्हे.

वाटा कोणत्या?

पहिली वाट बी.एस्सी.ची. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे विषय असतात. पदवीला तीन वर्षे लागतात. नव्या धोरणानुसार चौथे वर्षही करता येते.

दुसरी वाट कृषीची. कोकणासाठी १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ दापोलीला आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. ते का, आणि फळातली कीड कशी रोखावी, हे या अभ्यासाचेच प्रश्न. आपल्या कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. एकदा तेथे जाऊन या.

तिसरी वाट मत्स्यविज्ञानाची. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. कोळीवाड्यातल्या मुलामुलींना जाळे आणि मासळी यांची जाण घरातच मिळते. तो मोठा ठेवा आहे.

पुढे पोटापाण्याचे काय?

घरची मंडळी हे विचारणारच, आणि त्यांनी विचारावेच. खरे सांगायचे तर नुसत्या बी.एस्सी.वर औषध, अन्न किंवा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत काम मिळू शकते, पण पगार सुरुवातीला बेताचा असतो. रुग्णालयातील प्रयोगशाळेसाठी वेगळा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो. शाळेत शिकवायचे तर बी.एड. हवे. महाविद्यालयासाठी एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट परीक्षा हवी. वन व कृषी खात्यातील पदांसाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षा असतात. संशोधनाची वाट सर्वांत लांब. एम.एस्सी.नंतरही पीएच.डी.ला चार-पाच वर्षे सहज जातात. मात्र पात्रता परीक्षेत चांगले यश मिळाल्यास त्या काळात पाठ्यवृत्ती मिळते. ही सारी वर्षे आधीच मोजून घरच्यांसमोर मांडा. अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय पुढे महाग पडतो.

करून पहा

जीवशास्त्र तुम्हांला आवडेल का, हे घरीच तपासता येईल. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी घ्या, एकीत कोमट आणि दुसरीत थंड. दोन्हींत दोन-दोन चमचे साखर आणि एकेक चमचा बेकरीतले यीस्ट घाला. तोंडांवर फुगे चढवा. दर दहा मिनिटांनी दोऱ्याने फुग्याचा घेर मोजा आणि तासाभराने आलेख काढा.

दोन रेषा वेगळ्या का आल्या, याचा विचार करता करता जेवणाची वेळ टळली, तर समजा की ही वाट तुमची आहे. केवळ फुगा फुगलेला पाहून समाधान झाले, तरी बिघडले नाही. दुसऱ्या वाटा आहेतच. पण निवड करण्यापूर्वी प्रयोग मात्र अवश्य करा.