अंगातले निरोपे

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, असे आपण मानतो. वर्धा नदीच्या काठचे हे गाव. येथून रुक्मिणीने श्रीकृष्णाला पत्र धाडले, अशी कथा आहे. पत्र घेऊन निरोप्या निघाला. तो वेळेवर पोचला, म्हणून पुढचे कार्य झाले. तो वाटेत रखडला असता, किंवा भलताच निरोप सांगून बसला असता, तर काय झाले असते?

आपल्या अंगातही असे निरोपे आहेत. रात्रंदिवस ते फिरत असतात. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. मराठीत त्यांना संप्रेरक असे नाव आहे. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. अंगात काही लहान लहान अवयव असतात. त्यांना ग्रंथी म्हणतात. ग्रंथीतून थोडासा रस रक्तात उतरतो. रक्ताबरोबर तो सगळीकडे जातो आणि ज्याला सांगायचे त्याला निरोप सांगतो. हाच तो निरोप्या.

निरोपे बापे माणसांच्या अंगातही असतात. पण बाईच्या अंगात त्यांची ये-जा दर महिन्याला बदलते. म्हणून हा धडा बायांनी वाचावा, आणि घरच्या पुरुषांनीही वाचावा.

निरोप्यांची घरे

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती सगळ्यांची मुकादम. बाकीच्या बऱ्याच ग्रंथी तिच्या हुकुमाने चालतात.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. तिचे नाव थायरॉईड. अंगातली चूल मंद ठेवायची की मोठी, हे ती ठरवते. चूल मंद झाली की बाई थकते, वजन वाढते, थंडी सोसत नाही, केस गळतात, पाळीत रक्त फार जाते.

ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये आहेत. त्यांच्या निरोपाने पाळी येते, गर्भ राहतो आणि हाडेही बळकट राहतात.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड आहे. त्याच्या निरोप्याचे नाव इन्सुलिन. तो रक्तातली साखर कामाला लावतो. हा निरोप अंगाने नीट ऐकला नाही, तर त्याची झळ अंडाशयांनाही लागते. मग काही पोरींची पाळी दोन दोन, तीन तीन महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात, मान काळी पडते, वजन वाढते. म्हणजे एका घरची गडबड दुसऱ्या घरी पोचते.

निरोपे नीट चालावेत म्हणून

पहिली गोष्ट जेवणाची. आपल्याकडे सगळ्यांचे झाले की मग बाईचे ताट. उरले तर खायचे, नाही तर चटणी-भाकरीवर भागवायचे. बाई फार अशक्त झाली तर मुकादम ग्रंथी पाळीच थांबवते. म्हणून बाईने वेळेवर आणि पोटभर जेवावे. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला, तीळ, जवसाची चटणी हे आपल्या वावरातलेच अन्न आहे. खात असाल तर अंडीही खा. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा. त्याने पालेभाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्या.

दुसरी गोष्ट मिठाची. थायरॉईडला आपला निरोप्या घडवायला आयोडीन लागते. ते रोज चिमटीत मावणार नाही इतके थोडे लागते, पण लागतेच. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गळ्याला गाठ येण्याचा रोग फार होता. तेथे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी लोकांना आयोडीनचे मीठ देऊन पाहिले, आणि तो रोग कमी झाला. म्हणून आयोडीनचेच मीठ घ्या आणि झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवा. पण मीठ जास्त खाऊ नका.

तिसरी गोष्ट कष्टाची आणि झोपेची. कुणी म्हणेल, "दिवसभर वावरात राबनं हाच आमचा व्यायाम!" खरे आहे. निंदण आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाईला जास्त व्यायाम नको, तिला विसावा पाहिजे. पण जी घरी किंवा दुकानात बसून असते, तिने रोज अर्धा तास भरभर चालावे. वजन फार वाढले असेल, तर शंभर किलोच्या बाईचे पाच-दहा किलो उतरले तरी पाळी पुष्कळदा रुळावर येते. रात्री सात-आठ तास झोपावे. काळजी आणि जागरण यांनीही निरोप चुकतात.

चौथी गोष्ट सोडण्याची. तंबाखू, मिसरी, गुटखा सोडा. सणाला, लग्नाला किंवा पंढरपूरच्या वारीला जाताना पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून आणून परस्पर घेऊ नका. ती गोळी म्हणजेच बाहेरून धाडलेला निरोप्या आहे. काही बायांना ती अपाय करते. आधी डॉक्टरला विचारा.

सवयीने काय होते, काय होत नाही

या सवयी चांगल्या आहेत. पण सवय हे सगळ्या रोगांचे औषध नाही. थायरॉईडची चूल विझत आली असेल, तर नुसत्या भाजी-भाकरीने ती पेटत नाही. रक्त तपासून घ्यावे लागते, आणि डॉक्टरने दिलेली गोळी रोज घ्यावी लागते. "एका पुडीत सगळे निरोपे जागेवर आणतो," असे जो सांगेल त्याच्या नादी लागू नका.

बाया मात्र दुखणे अंगावर काढतात. "आमाले कायले पाह्यजे डॉक्टर? बाईच्या जातीले हे असंच रायते," असे म्हणतात. आपल्या विदर्भातलीच गोष्ट पहा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली त्यांनी तिचे निष्कर्ष छापले. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचा काही ना काही रोग निघाला. पण शंभरातल्या ८ जणींनीच त्याआधी कधी तपासून घेतले होते. सारे जग तोवर बाळंतपणाचीच चिंता करीत होते. या दोन गावांनी जगाला बायांची ही मुकी दुखणी दाखवली.

पिशवी काढण्याची घाई

दुखणे मुके राहिले की एक दिवस ते भलतीकडे नेते. मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी ऊस तोडायला जातात. कामाचा एक दिवस बुडला तर मजुरी जाते, वर दंड बसतो. मग पाळी म्हणजे कटकट वाटू लागते. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते. कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो. बाई म्हणते, "काढून टाका एकदाची पिशवी."

२०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांत एक! त्यांत पुष्कळ जणी तरण्याताठ्या होत्या.

पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्यासोबत दोन्ही अंडाशये काढली, तर निरोपे एका दिवसात बंद होतात. तरुण वयात पाळी जाण्याचा सगळा त्रास सुरू होतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. अंडाशये ठेवली तरी पुष्कळदा ती लवकर थकतात. कधी कधी हे ऑपरेशन खरोखर लागते, आणि त्याने जीव वाचतो. पण पांढरे जाणे किंवा पोट दुखणे एवढ्यासाठी ते पहिला उपाय नाही. आधी तपासणी, मग औषध, आणि दुसऱ्या डॉक्टरचेही मत. एवढे झाल्यावर मग ऑपरेशनचा विचार.

लिहिता येते, तर लिहा

आता तुम्हाला आकडे लिहिता येतात. त्यांचा येथे उपयोग करा. घरात भिंतीवर कॅलेंडर असते. पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या तारखेवर बारीक खूण करा. संपली त्या दिवशी दुसरी खूण करा. पुढची पाळी आली की दिवस मोजा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस आले, तर ठीक. रक्तस्राव २ ते ७ दिवस चालला, तर ठीक. एखाद्या महिन्यात मागेपुढे झाले तर घाबरू नका.

पण पुढीलपैकी काही असेल, तर आशाताईला सांगा आणि तपासून घ्या:

१. तीन महिने पाळी नाही आणि दिवसही गेलेले नाहीत.
२. सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाते, किंवा तासा-तासाला कापड बदलावे लागते.
३. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाते.
४. पाळी जाऊन एक वर्ष झाले, आणि पुन्हा रक्त दिसले. यात एक दिवसही उशीर करू नका.
५. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त कमी असेल. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ तरी पाहिजे.

अमरावतीला बायांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. लोक त्याला डफरीन म्हणतात. जाताना कॅलेंडर सोबत न्या. "कधीपासून?" असे डॉक्टरने विचारले, की "लय दिवसांपासून" असे सांगू नका. खुणा दाखवा. ज्या बाईजवळ तारखा आहेत, तिला कुणी सहज घाबरवू शकत नाही.

घरच्या पुरुषांनो, त्या खुणेला हसू नका. ती खूण दिसली की त्या दिवशी पाण्याची घागर तुम्ही आणा.

प्रश्न

१. संप्रेरक म्हणजे काय? ते कोणत्या वाटेने जाते?
२. जेवणावर लगेच चहा का घेऊ नये?
३. पिशवी काढण्याआधी कोणत्या गोष्टी कराव्यात?
४. आजची तारीख पाटीवर लिहा. तिच्यापुढे २८ दिवस मोजा आणि जी तारीख येईल ती लिहा.