लोणारची उतरण

नांदेडहून लोणार तसं फार लांब नाही. वसमत, औंढा, जिंतूर, मंठा करत गेलं की साडेतीन-चार तासांत गाडी गावात पोचते. औंढ्याच्या नागनाथापर्यंत आमच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं जात आली, पण तिथून पुढे जायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात लातूरहून थोरला भाऊ आणि भाची मुक्कामाला आले आणि पहाटे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही निघालो. लोणारचाच एक गाईड दिवसभरासाठी ठरवला होता. त्या दिवसाने माझ्या मनात जे पेरलं, ते लिहून ठेवते आहे.

१. काठावरून पाहिलेलं लोणार आणि पायी उतरून पाहिलेलं लोणार ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. बरेच लोक वरून बघतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात निघतात. आमच्या गाईडने आम्हाला आधी काठावर नेलंच नाही. बाहेरच्या बाजूला गाडी थांबवून म्हणाला, "ताई, आता चालत या आणि चढ लागतो का सांगा." लागत होता. आजूबाजूची सगळी जमीन सपाट, आणि विवराकडे जाताना मात्र ती हळूहळू वर उचललेली. खड्ड्याकडे जायचं तर आधी चढायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वर पोचलो आणि एकदम समोर तो जवळजवळ गोल, पावणेदोन किलोमीटरहून रुंद, सव्वाशे-दीडशे मीटर खोल कटोरा. कडेने जंगल, मधे पाणी. आमच्या भाचीच्या तोंडून शब्दच फुटेना. आधी चढ पायांना कळला होता म्हणून तो खड्डा मला अधिक खोल वाटला असेल. ती कड वर का आली, हेही त्याने तिथेच सांगितलं: ओल्या चिखलात जोरात दगड मारला की भोवतीचा चिखल उसळून कडेला चढतो, तसे इथले खडकाचे थर उचलले गेले आणि बाहेरच्या बाजूला कलले. काही ठिकाणी तर ते पार उलटे झाले आहेत.

२. चुकीच्या उत्तरामागेही फार शहाणी माणसं असतात. आमच्या वडिलांच्या पिढीला लोणार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. त्यात नवल काय? इथला दगडच ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि त्या बेसाल्टवरच आपला बहुतेक मराठवाडा उभा आहे. अशा दगडातला गोल खड्डा पाहून कुणीही ज्वालामुखीच म्हणेल. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. पुढे १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाला लोणार आणि ॲरिझोनातलं विवर यांच्यातलं साम्य दिसलं, पण ॲरिझोनाचं विवरही तो वाफेच्या स्फोटाचंच मानत होता. आज दोन्ही विवरं अशनीच्या आघाताची म्हणून ओळखली जातात. लोणारबद्दलचा ठोस पुरावा १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या लेखातून पुढे आला. विवरात खोल भोकं पाडून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं होतं. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळता, निव्वळ धक्क्याच्या दाबाने काचेसारखं झालं की ते बनतं. तेवढा दाब ज्वालामुखीला पेलवत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाने दीडशे वर्षांची समजूत बदलली. तरी त्या आधीच्या माणसांबद्दल मला आदरच वाटला. त्यांनी दगड नीट ओळखला होता. वरून काही येऊन आदळलं असेल, हे कळायची साधनं त्यांच्याजवळ नव्हती.

३. जमिनीवर ज्याचा विश्वास एकदा हलला, तो माणूस अशी जागा वेगळ्या नजरेने पाहतो. उतरताना दादा सारखा मागे राहत होता. तो दगडांना हात लावून बघत होता. एका वळणावर त्याने विचारलं, "हे सगळं किती वेळात झालं असेल?" गाईड म्हणाला, "दादा, फार तर काही सेकंद. तुम्ही दुसरा प्रश्न विचारायच्या आत झालं असेल." दादा तिथेच बसला.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतल्या कुणालाही सांगावी लागत नाही. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि चारच्या सुमाराला भूकंपाने किल्लारी हलली. मिनिटभरसुद्धा नसेल. आठ-दहा हजार माणसं गेली. दादा तेव्हा कॉलेजात होता आणि दुसऱ्या दिवसापासून ढिगारे उपसायला जात होता. त्याबद्दल तो घरात फारसं बोलत नाही. इथे, उतरणीवरच्या एका शिळेवर बसून, बोलला. सगळ्यात जड काय होतं तर हाच दगड, असं म्हणाला. गावातली घरं काळ्या दगडाच्या रुंद भिंतींची, मातीत बसवलेली. उन्हाळ्यात गार, वाडवडिलांपासूनची. धक्का बसला तशा त्या भिंती आत कोसळल्या. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, इथे कसला भूकंप, असंच तोवर सगळे धरून चालले होते.

गाईड मधे बोलला नाही. बराच वेळ आम्ही तिथे बसून होतो. मला तेव्हा एवढंच जाणवलं, की काही सेकंदांत घडलेल्या गोष्टीचा उरलेला भाग फार सावकाश घडत असतो. या खड्ड्यात पाणी साचायला, माती धरायला, बी रुजायला, झाडी वाढायला किती काळ गेला असेल. किल्लारीतही नवी गावं वसली, पण जुन्या जागेवरून जाताना अजून माणसं बोलणं थांबवतात.

४. काळ निरनिराळ्या घड्याळांनी मोजतात आणि त्या घड्याळांचं जमेलच असं नाही. एका पद्धतीने लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं. नंतर आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. भाचीला हा फरक फारच खटकला. मला तो आवडला.

५. पाण्याच्या काठाशी उभं राहूनही पाणी नसल्याचं दुःख करता येतं. लातूरकर माणसाला हे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी लातूरला पाणी आलं, तेव्हा दादाच्या घरी घागरी, पिंपं, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवलेली मी पाहिली आहेत. त्या माणसाला एवढा मोठा तलाव दिसल्यावर पहिलं वाक्य सुचलं ते, "यातलं काहीच पिता येत नाही?"

काहीच नाही. तलावात पाणी येतं ते पावसाचं आणि झऱ्यांचं, पण बाहेर पडायला वाट नाही. जातं ते फक्त वाफ होऊन. क्षार मागेच राहतात आणि वर्षानुवर्षं साचत जातात. काठाच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. गाईडने खिशातून हळद चोळलेला कागद काढला आणि पाण्यात बुडवला. कागद पाहता पाहता लाल झाला. हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत तीच. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, हे त्याने नंतर सांगितलं. आधी कागद दाखवला, आकडा मागाहून दिला. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं आहे. हा क्रम मला मनापासून पटला.

या खाराचीही एके काळी किंमत होती. 'ऐन-ए-अकबरी'त या जागेचा उल्लेख आहे, आणि पूर्वी काठावरून खार गोळा करून तो साबण-बांगड्यांच्या कामी जायचा.

आणि मग वर काठाला धार. गोमुखातून गोड पाणी बारमाही पडतं, लोक तिथे स्नान करतात, त्याला तीर्थ मानतात. एकाच विवराच्या अंगाला हे गोड आणि तळाला ते खारट. दादाने धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी फार दिवसांनी पाहिलं.

६. जे एकदम बदललं असं वाटतं, ते बहुतेक आधीपासून तिथेच असतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले होते. टाळेबंदीचे दिवस, माणसं भेदरलेली, आमच्या कॉलनीतही कुणाला त्यात अपशकुन दिसला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला तसे ते फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झालं. नमुना स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. मला हे नितळ होणं फार मोलाचं वाटतं. त्या वर्षी बऱ्याच गोष्टींना तेवढाच वेळ द्यायला हवा होता.

७. देवळं पाहताना मी दगडाकडे पाहायला शिकले. याआधी शिल्पांकडेच पाहायचे. तळाशी कमळजा देवीचं देऊळ, वाटेत झाडीत हरवलेली आणखी काही, आणि गावात दैत्यसूदन. लवणासुराला विष्णूने मारलं ती कथा तिथलीच. चालुक्यकाळातलं हे देऊळ पाहताना निलंग्याचं नीळकंठेश्वर आठवलं, देगलूरजवळच्या होट्टलचं सिद्धेश्वर आठवलं. तोच आपला काळा दगड. लाव्हाचा झालेला, छिन्नीला चिवट, आणि तरीही कुणीतरी त्यातून दागिन्यांचे बारीक मणी काढलेले. दादा त्या भिंतीशी बराच वेळ उभा होता. या भिंती इतकी शतकं कशा तगल्या, हे त्याला समजून घ्यायचं होतं. मातीत बसवलेला ओबडधोबड दगड आणि घडवून, जोडून, एकावर एक नीट टेकवलेला दगड यांत किती अंतर असतं, त्यावर तो गाईडशी बोलत राहिला.

८. शांतता आयती मिळत नाही, कुणीतरी ती राखलेली असते. तळाच्या झाडीत शिरलो आणि गावाचे हॉर्न थांबले. मोर ओरडला, वानरांनी फांद्या हलवल्या, बाकी काही नाही. इथे २००० मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं. पण काठावर वाढतं गाव आहे, शेती आहे, सांडपाणी आहे, आणि आत वेडी बाभूळ पसरते आहे. यांतल्या कशाचाही परिणाम जाणार कुठे? पाण्याला बाहेर वाट नाही, हे सकाळीच कळलं होतं. या तलावात जे उतरेल ते तिथेच राहणार. परतताना गाईडने वाटेतल्या दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या. आमच्याकडे बघून नाही, रोजची सवय असावी तसं. भाचीने पिशवी स्वतःकडे घेतली आणि वर येईपर्यंत भरत राहिली.

९. ज्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, ते पाहायलाही जावं. लोणारपासून जवळच अंबर तळं आहे, छोटं लोणार म्हणतात त्याला. मोठ्या अशनीचा एखादा तुकडा वेगळा पडून ते झालं असावं, असं काही अभ्यासक मानतात, पण लोणारसारखा पक्का पुरावा त्याच्या पदरात पडलेला नाही. मोठं विवर पाहून दमलेले लोक तिकडे फारसे वळत नाहीत. आम्ही गेलो. पाहण्यासारखं विशेष काही नाही, उथळ खोलगा आणि भोवती झुडपं. दादाने मात्र त्याला पुरती प्रदक्षिणा घातली आणि कड कुठे कुठे उचलली आहे ते पायांनी तपासत गेला. भाचीचं म्हणणं, तुकडाच असणार. दादा म्हणे, दगड तपासल्याशिवाय काही बोलू नये. जिंतूर मागे पडलं तरी दोघांचं यावरच चाललं होतं, आणि पुढच्या सुट्टीत अंबरच्या काठाने पुन्हा एकदा नीट फिरायचं ठरलं आहे.