मुखदुर्गंधी : झाकू नका, कारण शोधा

तोंडाची दुर्गंधी हा लाजेचा विषय मानून अनेक जण लवंग, बडीशेप किंवा सुगंधी सुपारीने ती दडपतात. वास घटकाभर दबतो. त्यामागचा आजार मात्र वाढत राहतो.

कारणे

बहुतेक वेळा दुर्गंधीचे मूळ तोंडातच असते. जिभेच्या मागील भागावर, दातांच्या फटींत व हिरड्यांखाली साचलेल्या अन्नकणांचे जीवाणू विघटन करतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू निर्माण होतात. झोपेत लाळ कमी स्रवते, म्हणून सकाळचा वास स्वाभाविक असून दात घासल्यावर तो जातो. दिवसभर टिकणाऱ्या दुर्गंधीमागे हिरड्यांचा आजार, किडलेले दात, अस्वच्छ कवळी, कोरडे तोंड अथवा तंबाखू असू शकते. नाक, सायनस व टॉन्सिलचा संसर्गही कारणीभूत ठरतो. ‘पोट साफ नाही म्हणून वास येतो’ हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पोटाचे विकार क्वचितच याचे कारण असतात.

घरी घ्यावयाची काळजी

• सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने २ मिनिटे दात घासावेत.
• जीभ रोज मागून पुढे, हलक्या हाताने स्वच्छ करावी.
• खाल्ल्यानंतर चूळ भरावी. पुरेसे पाणी प्यावे.
• कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी.
• मिश्री व गुल ही दंतमंजने नव्हेत, ती तंबाखूच आहे. तंबाखूविरहित सुपारीनेही कर्करोग होतो. व्यसनमुक्तीच्या मोफत मार्गदर्शनासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर संपर्क साधावा.

दंतवैद्यांकडे केव्हा जावे?

काळजी घेऊनही दुर्गंधी कायम राहिल्यास, हिरड्यांतून रक्त आल्यास किंवा दात हलू लागल्यास तपासणी करावी. रक्त येते म्हणून दात घासणे थांबवू नये. दातांवरील कीटण यंत्राने काढल्याने दात सैल होत नाहीत. उलट हिरड्या सुधारतात. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास ही कर्करोगाची पूर्वलक्षणे असू शकतात. तपासणीस विलंब करू नये.

मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन उलट्या किंवा धाप सुरू झाल्यास तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कुटुंबीयांसाठी

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला सहसा जाणवत नाही. म्हणून आपल्या माणसाला चारचौघांत न हिणवता, एकांतात व आपुलकीने सांगावे. वेळेवर सांगितलेला एक शब्द त्याचे दात, आणि प्रसंगी प्राणही, वाचवू शकतो.